डोंगराचे खुंटे

४ जुलै
पोहोचले एकदाची! पोलादपूरहून जीप, पुढे कुडपणच्या अंगानं तासभर चढण. तीन वर्षांची फेलोशिप, दरड कोसळण्याआधी डोंगरात काय काय बदलतं हा पीएचडीचा विषय, आणि भोवती हे धुकं. आणखी काय हवं? रंगूबाईंनी पुढची खोली दिली. मला 'बाय' म्हणतात. नुसती हाडं हायत गो, म्हणत न विचारता तिसरी भाकरी वाढली.

वाडीमागं डोंगराला लांबलचक भेग आहे. तिच्या दोन्ही बाजूंना बारा लोखंडी खुंटे ठोकले. रोज समोरासमोरच्या खुंट्यांमधलं अंतर मोजायचं, भेग रुंदावते का बघायचं.

६ जुलै
दोन खुंटे गायब! शेजारच्या धोंडूकाकांनी शेळ्या बांधायला उपटून नेले होते. मी चिडून म्हणाले, अहो, हे डोंगराचे खुंटे आहेत. काकांनी कानाला हात लावले आणि स्वतःच परत ठोकून दिले.

९ जुलै
आज खुंट्यांना हळदकुंकू! वर प्रत्येकाला नवं दावं, गुरांना बांधतात तसलं. दुसरं टोक भेगेत सोडलेलं. डोंगर बांधलास गो बाय, आता नाय सुटायचा, असं रंगूबाई कौतुकानं सांगत होत्या. हसून हसून पुरेवाट झाली माझी. गैरसमज तेव्हाच दूर करायला हवा होता. पण आता खुंट्यांना कुणी हात लावत नाही, आकडे नीट मिळतात, गाईड खूश. म्हटलं, राहू दे.

१३ जुलै
दर पावसाळ्यात ही चौदा घरं खालच्या शाळेत मुक्कामाला जातात. यंदा कुणी गेलं नाही. रंगूबाईंचा मुलगा सहदेव मुंबईहून फोनवर भांडला, खाली जा म्हणून. त्यांनी सांगितलं, बाय हाय ना. मी समोर बसून ऐकलं आणि मुकाट जेवले. लाज वाटते स्वतःची.

१६ जुलै
भेग हातभर रुंदावली. जोत्यांना तडे गेलेत. आणि खुंट्यांमधलं अंतर? पहिल्या दिवशी होतं तेवढंच. चारदा मोजलं. असं होऊच शकत नाही.
सैल सोडलेली दावी ताठ झाली आहेत. सगळी. खालून कुणीतरी —
नको.

१७ जुलै, सकाळ
सगळ्यांना अंगणात बोलावून खरं सांगितलं. खुंटे काही धरत नाहीत. तुम्ही फसलात ते मला कळत होतं, मी गप्प बसले. चुकले मी. आता खाली चला. धोंडूकाका म्हणाले, मग उपटून दाखव.
उपटला.
दावं सर्रकन भेगेत गेलं. पाठोपाठ काकांचा गोठा. शेळ्यांसकट —

१७ जुलै, दुपार
लोक उतरताहेत. खुंटे आपोआप निसटताहेत. एकच उरलाय. डाव्या हातानं दाबून धरलाय, उजव्यानं लिहितेय. वेडेपणा आहे, कळतंय. पण हात सैल केला की घरं हलतात —

काका आत्ता ओरडत गेले. रंगूबाई निघत नाय. म्हणते, बायनं धरलाय ना डोंगर, तवर भाकऱ्या उरकते.

रंगूमावशी, निघा हो! चुलीचा धूर अजून — मला नाही धरवत, मावशी, मी कधीच धरला नव्ह—