ट्रेलरची खालची पायरी

बाबा, तुमचा कॅम्पिंगचा ट्रेलर, ते गाडीमागे ओढायचं घर, आज मी वर उचलला. तुम्ही असताना कितीदा सांगितलं, मागून बसलाय, ॲक्सल बदला. दरवेळी तुमचं एकच, "चालतंय ना? मग राहू दे." आता मात्र चालण्यासारखं उरलं नव्हतं. दोन्ही चाकांना जोडणाऱ्या ॲक्सलच्या नळीत रबराच्या दांड्या असतात, त्याच त्याच्या स्प्रिंगा. त्या पार मेल्या होत्या आणि टायर वरच्या पत्र्याला घासत होते. लोक कॅम्पिंगला जाऊन हॉटडॉग भाजतात, आपण पाटा-वरवंटा आणि तांदळाचं पोतं घेऊन जायचो. दुसरं काय होणार! पण आईची अट आहे. इथलं श्रूजबरीचं घर विकून ती माझ्याकडे, खाली दक्षिणेत अल्फारेटाला येईल, फक्त ट्रेलर बरोबर हवा आणि त्यात तिला स्वतःच्या पायांनी चढता यायला हवं. नाहीतर ती इथेच एकटी राहणार. गेल्या हिवाळ्यात ती बर्फात पडली, तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय.

सकाळी ट्रेलर जॅकवर आहे, जुना ॲक्सल निघालाय, मी खाली हात घालून नव्याचा बोल्ट चाचपतेय. काहीतरी करकरतं आणि सांगाडा एकदम बोटभर खचतो. "हात काढ!" आई किंचाळते. लहानपणी इथेच तुम्ही अस्सेच ओरडला होतात, वर एक धपाटाही घातला होतात. मी हात काढला. आधाराचे स्टँड पुन्हा नीट लावले आणि बोल्ट आवळले.

दुपारी जॅक काढला. ट्रेलर मूळच्या उंचीवर ताठ उभा राहिला. आई आली, नेहमीसारख्या चपला बाहेर काढल्या, दाराची दांडी धरून पाय उचलला. तो पायरीपर्यंत पोचेना. मी धरायला गेले तर तिनं माझा हात झटकला. "माझे गुडघे गेले तेव्हा तुझे बाबाच म्हणाले होते, ॲक्सल बदलला तर तुला चढता यायचं नाही, राहू दे खालीच. तुला कुणी सांगितलं होतं गं वर करायला?"

मला तुमचा भयंकर राग आला. एका शब्दानं सांगायचं होतंत मला. ट्रेलर पुन्हा खाली बसवणं शक्य नव्हतं, टायर फाटला असता. खाली एक जादा पायरी जोडता आली असती, पण आई हटून बसली, हवी तर ट्रेलर बसलेला असताना होती त्याच उंचीवर हवी. आणि ती उंची मी मोजलीच नव्हती.

शेवटी तिला म्हटलं, "डोळे मिट आणि पूर्वी चढायचीस तशी चढ." तिनं दांडी धरली, पाय उचलला, आणि तो हवेत एका जागी अलगद थांबला. मी खाली बसून टेप धरली. तेवढ्यात तिचा दुसरा हात माझ्या खांद्यावर आला. चढताना ती तुमच्या खांद्यावर ठेवायची, तसाच.

"झालं का गं?" तिनं विचारलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. आकडा वाचून झाला होता. तरी मी म्हटलं, "थांब जरा."