निकेल मुलाम्याचे पिस्तूल

अल गराफा, दोहा
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

प्रिय मृणालिनी,

पाकिटावरचे अक्षर तू ओळखलेच असशील. आपल्या नेमबाजी क्लबच्या फळ्यावरच्या सूचना या अक्षरात वाचून तू नाक मुरडत असस, आणि एकदा तर ‘सेक्रेटरीसाहेबांच्या वेलांट्यासुद्धा सावधान उभ्या असतात’ असे मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली होतीस. तुझे पिस्तूल पोपटरावांच्या दुकानात विक्रीला आहे आणि त्याला परगावचे एक गिऱ्हाईक आहे, इतकेच त्यांनी तुला सांगितले असेल. ते गिऱ्हाईक मी आहे. ते घ्यावे की घेऊ नये याचा निर्णय तीन आठवडे मला करता येत नव्हता. कारण त्याआधी तुला एक गोष्ट सांगणे मला भाग होते, आणि ती ऐकल्यावर ते मला विकावे असे तुला कदाचित वाटले नसते. ती सांगायला मला थोडा वेळ लागेल. एवढी सवलत दे.

पत्नी सुनीती गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षे, मी इथे मुलाकडे, सुशांतकडे राहतो. तो गॅसच्या कंपनीत आहे. सूनबाई मधुरा इथल्या शाळेत गणित शिकवते आणि नात आर्या आठवीत आहे. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघांनाही आपण जिंकलो असे वाटते. मधुराने फ्रिजवर लावलेल्या सामानाच्या यादीतले ऱ्हस्व-दीर्घ मी लाल पेनाने दुरुस्त करत असे. आता ती यादी फोनवर करते. दरवर्षी डिसेंबरात दोन महिने नाशिकला येतो, पोपटरावांच्या तिजोरीत जमा ठेवलेले माझे जुने पिस्तूल पुसतो, परवान्याचे कागद बघतो आणि परत येतो. पोपटरावांना मी कैक वर्षांपूर्वी सांगून ठेवले होते, की या बनावटीचे निकेल मुलाम्याचे पिस्तूल कधी आले तर आधी मला कळवा. त्यांनी फोटो पाठवला आणि खाली लिहिले, ‘सर, ही पिस्तूल आली बघा.’ मी आधी ‘हे पिस्तूल’ असे कळवले आणि मग फोटो मोठा करून पाहिला. चापाच्या कमानीवर उजव्या बाजूला, जिथे तुझे बोट टेकत असे तिथे, मुलामा झिजून पिवळसर झाला आहे. विकणाऱ्याचे नाव मला विचारावे लागले नाही.

जेवताना मी ही बातमी सांगितली तेव्हा सुशांतच्या हातातला घास तसाच राहिला. ‘बाबा, पिस्तूल हा शब्द इथे फोनवर मोठ्याने काढू नका हं,’ असे तो म्हणाला. आर्याचे डोळे मात्र चमकले. ‘आजोबा, हू इज शी?’ असे तिने विचारले. कोण्या बाईचे नाव मी घेतले नव्हते, तरी हे तिला कसे कळले, कुणास ठाऊक!

मूळ कारखान्याने हे छोटे पिस्तूल बनवणे बंद केले त्यालाही आता जन्म लोटला. निळसर काळ्या रंगाची अजून कुठे कुठे दिसतात. पण हा मंद, राखाडी, चकाकी नसलेला निकेलचा मुलामा मी उभ्या आयुष्यात एकदाच पाहिला. संग्राहक त्याला दुर्मीळ म्हणतात. मला मात्र तो पाहिला की तुझे तळहात आठवतात. तुझ्या हातांना फार घाम येई. क्लबची पिस्तुले तू हाताळलीस की दुसऱ्या दिवशी त्यांवर तांबूस ठसे उमटत, आणि मी तेलाचा बोळा घेऊन ते काढत बसे. ‘हत्यार वापरल्यानंतर पुसून ठेवावे’ ही पाटी मी केवळ तुझ्यासाठी लिहिली होती. पाटी वाचून तू आपले दोन्ही हात माझ्यासमोर धरलेस आणि म्हणालीस, ‘यांनाच पुसून ठेवा आता.’ मी फार गंभीर चेहरा केला होता. पुढच्या महिन्यात निवृत्तीकाकांनी एका निवृत्त होणाऱ्या कॅप्टनकडून हे पिस्तूल मिळवले. काका म्हणजे लष्करात पंचवीस वर्षे हत्यारे दुरुस्त केलेला माणूस. त्याने लेकीच्या हातांकडे पाहून मुलामा निवडला. इथे उन्हाळ्यात समुद्राकडून दमट वारे येते, दाराची कडीसुद्धा हाताला चिकटते, तेव्हा काकांची ती निवड मला वारंवार आठवते.

घेऊ नये याची कारणे मी वहीत लिहून काढली. माझे वय पंच्याहत्तर आहे. उजवा हात सकाळी चहाचा कपही स्थिर धरत नाही. पिस्तूल इथे आणता येणार नाही. वर्षातले दहा महिने ते पोपटरावांच्या तिजोरीत राहील आणि माझ्यामागे ते सांभाळणारे कोणी नाही. घ्यावे याचे कारण एकच लिहिले होते: ‘ते तिचे आहे.’ मग तेही खोडले, कारण ते अपुरे होते. का, ते शेवटी लिहितो.

गोळीबाराच्या मैदानावरचे ते दोन हिवाळे मला अजून तारीखवार सांगता येतील. सकाळी साडेसहाला तू सायकलवरून येत असस, कॅरिअरला काकांनी शिवलेली खाकी पिशवी. पहिल्या पाच गोळ्या तू मुद्दाम घाईने मारीस आणि नंतर दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या मला छळीस: ‘बोला ना, की कर्ता-कर्म-क्रियापद जुळवताय?’ मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो, हायस्कुलात मराठी शिकवत होतो, आणि आमच्या मावशीला तुमच्या घरी जाऊन लग्नाचे बोलून येण्याची विनंती मी केली होती. हे तुला आज प्रथमच कळत असेल. विभागीय संघाची निवड झाली की जा, असे मी मावशीला सांगितले होते. निवडीच्या आधी गेलो तर सेक्रेटरीने पक्षपात केला असे कोणी म्हणू नये, एवढीच माझी दक्षता होती.

आता त्या रविवारविषयी. फेब्रुवारी एक्क्याऐंशी, संघनिवडीची स्पर्धा. नियमाप्रमाणे स्पर्धेआधी प्रत्येक पिस्तुलाचा चाप तपासायचा असे: रिकाम्या पिस्तुलाचा घोडा ओढून ते नळी वर करून धरायचे, चापाला एक किलोचे पितळी वजन अडकवायचे आणि टेबलावरून अलगद उचलायचे. घोडा पडला तर चाप हलका, आणि पिस्तूल बाद. काकांनी तुझ्या चापावर चार संध्याकाळी बारीक दगडाने काम केले होते. किलोला जेमतेम वर, कागदाच्या जाडीइतका, असा त्यांनी तो आणला होता. सतरा जणांची पिस्तुले तपासली. सोळा उत्तीर्ण झाली. तुझे मी तीन वेळा उचलले, कारण तीनच संधी होत्या. तिन्ही वेळा घोडा पडला. मी नोंदवहीत ‘अपात्र’ असे लिहिले आणि सही केली. काका टेबलापाशी आले, त्यांनी पिस्तूल हातात घेतले, आपल्या बोटांकडे पाहिले आणि म्हणाले, ‘माझा हात गेला आता.’

गेल्या महिन्यापर्यंत मी हे सर्व मनाच्या एका कोपऱ्यात नीट घडी घालून ठेवले होते. ती घडी अनयने मोडली. हा सुशांतच्या हाताखालचा तरुण, आपल्याच नाशिकच्या सिडकोतला, एका वर्षाच्या करारावर आलेला. शुक्रवारी आमच्याकडे जेवतो. त्याचे काम काय, असे मी विचारले. प्लान्टमधली वजने, काटे, दाबमापके बरोबर आहेत की नाहीत ते तपासायचे आणि त्यांवर तारखेची चिठ्ठी लावायची, असे त्याने सांगितले. आणि एखादे चुकीचे निघाले तर? ‘मग खलास, आजोबा! त्याने आजवर जे जे मोजलं ते सगळं परत बघायचं, आणि ज्याला ज्याला रिपोर्ट दिला त्याला कळवायचं.’ फार जुने असले तरी? ‘जुनं असलं तरी. माणूस रिटायर झाला असला तरी शोधून मेल टाकतो आम्ही.’ एवढे बोलून त्याने वरण मागितले. मी त्या दिवशी पानावरून उठलो तो पुन्हा बसलो नाही.

मृणालिनी, वजन चुकीचे होते. स्पर्धेच्या आठवडाभर आधी त्याची जुनी कडी वाकली होती. ती टेबलावर शोभत नाही म्हणून मीच तांबटाकडून नवी, जाड कडी बसवून घेतली. बसवल्यावर वजन पुन्हा तोलून पाहावे, हे माझ्या लक्षात आले नाही. दुसऱ्याच्या अनुस्वारावर डोळा ठेवणाऱ्या माझ्या! बाकी सोळा जणांचे चाप जड होते, त्यांनी ते जादा वजन सहज पेलले. ज्याने नेमके किलोला काम केले होते, तो एकटाच बाद झाला. स्पर्धेनंतर मंगळवारी वजनावर क्लबचे नाव कोरून घ्यायला मी सराफाकडे गेलो. त्याने सहज काट्यावर ठेवले आणि म्हणाला, ‘मास्तर, किलोवर छप्पन्न ग्रॅम भरतंय की हे.’ संघ गुरुवारी संध्याकाळी पुण्याला निघणार होता. माझ्यापाशी दोन दिवस होते. चूक कडीची होती, ती कोणाकडूनही होऊ शकते. पण ते दोन दिवस केवळ माझे होते. सभा बोलवावी लागली असती, आणि माझ्या वहीत, माझ्याच अक्षरात, ‘सेक्रेटरीच्या हलगर्जीपणामुळे’ असे मला लिहावे लागले असते. ते वाक्य मी मनात बरेचदा रचले, व्याकरणदृष्ट्या निर्दोष रचले, आणि लिहिले नाही. सराफाकडून वजनाच्या बुडातले छप्पन्न ग्रॅम पितळ तासून घेतले. त्याच रात्री मावशीला सांगितले, की जाऊ नका.

मागच्या सोमवारी मधुराला द पर्ल या इथल्या कृत्रिम बेटावर काही खरेदी होती. मी बाहेर बाकावर बसलो होतो, समोर कोणाकोणाच्या बोटी बांधलेल्या. तिथून पोपटरावांना व्हिडिओवर फोन लावला आणि शासकीय शिक्क्याचे एक किलोचे वजन तुझ्या चापाला लावून उचलायला सांगितले. ते वैतागले. ‘सर, पुण्याची पार्टी रोज फोन करतीय आन् तुम्ही परीक्षा घेत बसलात!’ तरी त्यांनी उचलले. एकदा, दोनदा, तीनदा. घोडा पडला नाही. पोपटराव म्हणाले, ‘काय कारागीर असंल हो, लोण्यासारखा चाप केलाय.’ मधुरा पिशव्या घेऊन आली आणि बाबा, ऊन लागलं का, असे विचारू लागली. मी हो म्हणालो.

ते पिस्तूल मला का हवे होते, तेही आता सांगतो. तुझ्या आठवणीसाठी, हे खरे आहे; पण ते दुसऱ्या कोणा जाणकाराच्या हाती पडले तर तो चाप तपासेल, काम किती अचूक आहे ते तुला सांगेल आणि तू विचार करू लागशील, ही भीतीही तितकीच खरी आहे. माझ्या नावावर आले असते तर माझ्यानंतर कोणाला काही कळले नसते. म्हणून मी ते घेणार नाही. पोपटरावांना तसे कळवले आहे, आणि तुझा शब्द येईपर्यंत पुण्याच्या माणसालाही देऊ नका, असे बजावले आहे. त्यांनी सहीशिक्क्यानिशी फोनवर पाठवलेल्या तपासणीच्या कागदाची प्रत सोबत आहे. अनयचा करार संपला असून तो सोमवारच्या विमानाने घरी जात आहे; हे पाकीट त्याने तुझ्याच हाती द्यावे, असे मी त्याच्याकडून कबूल करून घेतले आहे. निवृत्तीकाका त्यानंतर नऊ वर्षे जगले, आणि दुरुस्तीला आलेले प्रत्येक हत्यार ‘दुसरीकडे न्या’ म्हणून परत पाठवत राहिले, हे मला ठाऊक होते. क्षमा मी मागत नाही. ती ज्यांनी द्यायची ते राहिले नाहीत. त्या रविवारी सर्व पांगल्यावर मी पत्र्याच्या शेडमागे लक्ष्यफलक मोजत होतो. तू काकांना म्हणालीस, ‘बाबा, कोणी सांगितलं होतं तुम्हाला हात लावायला?’ मी भिंतीपलीकडे उभा होतो, आणि ते वाक्य माझ्या वाट्याचे होते. ते त्यांच्याकडून काढून घे, मृणालिनी, आणि मला लिहून पाठव.

तुझाच,
श्रीपती
(त्या वेळचा सेक्रेटरी)