लाकडाला हरताळ नाही

शके १७०८, कार्तिक वद्य ३

गेनबा सुतार लष्कराबरोबर कर्नाटकात गेला. तोफांचे गाडे दुरुस्त करायला. कधी येणार म्हणून त्याच्या घरी विचारलं, तर उत्तर— "गाडं मोडायचं थांबलं की येत्याल." दुसरा सुतार शोधला, तोही गेलेला. पेठेत रंध्याचा आवाज म्हणून नाही.

लेक मैना मार्गशीर्षात बाळंतपणाला येते आहे. पहिलटकरीण. पाळणा हवा.

तर मीच करणार! आक्काला सांगितलं. थोरली बहीण माझी, विधवा, दहा वर्षं याच घरात. हसली नाही. म्हणाली, "बोरू सोडून दुसरं काही धरलंयस का कधी हातात? जेवण सोडून."

कार्तिक वद्य ५

हे लिहितो आहे ते वाया गेलेल्या पानांच्या पाठीवर. पोथी उतरवताना अक्षर चुकलं तर त्यावर हरताळ फासतो. पिवळा लेप. तो वाळला की वर नवं अक्षर, जणू चुकलंच नव्हतं. फारच चुकलं तर पान बाद. तीस वर्षांत बाद पानं छप्पन्न. पुण्यात कोणाही लेखकाला विचारा, याहून कमी कोणाची नसतील.

पोथ्यांची मांडणी मोडली. तिच्या फळ्या सागवानी आहेत. आक्का दारात उभी राहून बघत होती. काही बोलली नाही, म्हणजे वाईटच.

कार्तिक वद्य ९

करवत सरळ जात नाही. मी सरळ धरतो, ती तिला हवं तिकडे जाते.

कार्तिक वद्य १२

जुन्या पाळण्याच्या मापाची चिठ्ठी सापडली! माझंच अक्षर. "लांबी दोन हात, रुंदी एक हात, उंची वीत." हा पाळणा मैनेच्या आईने पुढे आपल्या बहिणीला दिला होता.

तिची फार आठवण आली. जाऊन तीन वर्षं झाली. बावीस वर्षांच्या संसारात तिच्या हातून कधी दूध उतू गेलं नाही, कधी भांडं पडलं नाही. चारचौघांत मी अभिमानाने सांगायचो— आमच्या घरात दोन माणसांचे हात चुकत नाहीत, एक माझा, एक हिचा. ती खाली बघायची. विनयशील होती.

मार्गशीर्ष शुद्ध १

फळ्या कापून झाल्या. चारही जमिनीवर मांडून ठेवल्या. आक्का आली. "बाळंतिणीलाही यातच निजवायचंय का?"

खरंच भलताच मोठा! चिठ्ठी पुन्हा वाचली. दोन हात म्हणजे दोन हात. मी तर कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत नीट मोजून कापलं होतं.

मार्गशीर्ष शुद्ध २

कळलं. आंघोळ करताना कळलं.

माप तिने घेतलं होतं. बांगड्या वर सारून, पाळण्याच्या कडेवर कोपर टेकून म्हणाली होती, "लिहा. दोन हात." मी लिहिलं. ते हात तिचे होते. ती माझ्या खांद्याला लागायची.

केवढा होता तिचा हात? दिवसभर आठवतो आहे. बावीस वर्षं त्या हातचं जेवलो आणि हात केवढा ते सांगता येत नाही.

मार्गशीर्ष शुद्ध १०

मैना आली, वाईहून. पाय सुजलेत. चेहरा आईचा. माझ्या बैठकीपाशी आली की अजूनही दौतीपासून हातभर लांब बसते.

त्याचं कारण मला ठाऊक आहे. इथे लिहितोच, वाचणारा मीच. ती नऊ वर्षांची असताना चार महिन्यांचं काम— एका सरदारांच्या घरची पोथी— शाईने भिजलं. मी देवळातून आलो तर ही पोर समोर येऊन म्हणाली, "आप्पा, माझ्या हातून दौत कलंडली." मी ओरडलो नाही. मारलं नाही. आठ दिवस तिच्याशी एक शब्द बोललो नाही. नवव्या दिवशी बोललो, पण काय बोललो आठवत नाही. त्याच वर्षी लग्न होऊन ती गेली.

माफी बापाने मागायची कशी? पाळणा निर्दोष व्हायला हवा. तो बघून तिला कळेल.

मार्गशीर्ष शुद्ध १२

मैनेला मापाची गोष्ट सांगितली. ती पहिल्यांदाच हसली. "माझा हात आईएवढाच आहे. मावशी म्हणते तसं." बांगड्या वर सारून तिने कोपर फळीवर टेकलं.

मला तिकडे बघवेना. खाली मान घालून कोळशाची खूण केली.

मार्गशीर्ष वद्य १

तीन फळ्या खुणेवर कापल्या. चौथी खुणेच्या आत कापली. दोन बोटं कमी! लाकूड काही परत वाढत नाही.

मैना समोरच होती. तिने फळीकडे नाही पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं. आणि उठून आत गेली, भरल्या दिवसांची बाई, जमेल तेवढ्या घाईने. माझं तोंड तेव्हा कसं दिसत होतं कोण जाणे.

मार्गशीर्ष वद्य ६

गेनबा परतला! काळवंडलाय, पण धड आहे. त्याला बोलावून पाळणा दाखवला. एक बाजू आखूड, सांधा उघडा. म्हटलं, हे मोडून नवा कर.

त्याने फिरवून बघितला. मग एक ढलपी घेतली, तासली आणि सांध्यात ठोकली. "झालं."

"अरे, पाचर दिसते आहे!"

"दिसू द्या की. लाकडाला तुमचा त्यो हरताळ न्हाय, आप्पा. लाकडाला पाचर हाय. माज्या समद्या कामात हाय. तुमी कदी वाकून बघितलं न्हाय, एवढंच."

पाळणा तुळईला टांगला. पायथ्याकडे जरा कलतो. आक्काने एक झोका दिला. म्हणाली, "झुलतो." तिच्या तोंडून एवढं म्हणजे शालजोडी मिळाली.

पौष शुद्ध ३

पहाटे मुलगी झाली. दोघी सुखरूप. सुईण म्हणाली, आवाज खणखणीत आहे.

आज पोथीला हात लावला नाही.

पौष शुद्ध ७

आज पाचवी. सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहिते, म्हणून दिवेलागणीला कोरा कागद, बोरू आणि दौत ठेवायची. लेखकाच्या घरची दौत, ती मीच ठेवणार! बाळाकडे बघत बघत ठेवली आणि कलंडली. शाई कागदावर, पाटावर, माझ्या धोतरावर.

मैनेने बाळाला छातीशी धरलं.

आणि मला हसू आलं. का ते सांगता येत नाही. पाचर आठवली, कललेला पाळणा आठवला. म्हटलं, "सटवाईला आता लिहायला जागा नाही. या पोरीने आपलं आपण लिहावं." दुसरा कागद ठेवला. आक्काने पाट पुसला.

मैना मात्र हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली, फार वेळ. मग रडायला लागली. आक्का म्हणाली, ओली बाळंतीण आहे, असं होतं.

पौष शुद्ध ८

सकाळी मैनेने बोलावलं. पाळण्याची दोरी तिच्या हातात होती. म्हणाली, "आप्पा, तेव्हा दौत माझ्या हातून नाही कलंडली. आईच्या. ती इतकी कापत होती की मीच म्हटलं, माझं नाव सांगू."

बावीस वर्षं मैनेच्या आईच्या हातून माझ्यासमोर काही सांडलं नाही, आणि मी ते चारचौघांत सांगितलं की ती खाली बघायची. मी त्याला विनय म्हणत होतो.