सहीची शेवटची रेघ

अण्णा, गेल्या मंगळवारी माझी सही जुळली नाही. पेन्शनसाठी दर वर्षी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो, त्यावरची. काउंटरवरच्या पोरीने जुना कागद आणि नवा कागद शेजारी शेजारी ठेवले, मान हलवली आणि म्हणाली, "अज्जी, स्वल्प नीट करा. ही तुमची वाटत नाही." मी तीनदा केली. तिन्ही वेगळ्या आल्या. शेवटी तिने माझा अंगठा घेतला आणि मला वाट करून दिली. तेव्हापासून घरात एका जागी बसवत नाही. स्वयंपाकघरात जाते आणि कशाला आले ते विसरते, गच्चीवर जाते, परत खाली येते, वर्तमानपत्राच्या कडेला सह्या करत राहते. सून विचारते, काय झालं? तिला काय सांगू? तुम्हाला जाऊन साठ वर्षं होत आली आणि मी अजून तुम्हाला एक गोष्ट विचारायची राहिलेय. सांगायचीही राहिलेय.

बेंगळूरला हलसूरचं आपलं घर आठवतं. रविवारी सकाळी नऊपासून बाहेरच्या खोलीत माणसं बसलेली असत. कोणी होणाऱ्या जावयाचं पत्र घेऊन आलेला, कोणी भागीदाराचं. तुम्ही कारखान्यात आस्थापना विभागात हेडक्लार्क, नोकरीच्या अर्जांचे गठ्ठे तुमच्याच टेबलावरून जायचे. त्या अर्जांवरच्या सह्या बघता बघता तुम्हाला हा नाद लागला. मग अॅव्हेन्यू रोडवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात तुम्हाला एक इंग्रजी पुस्तक मिळालं, कव्हर नसलेलं, सहीवरून स्वभाव ओळखण्याचं. ते तुम्ही देवाच्या पोथीसारखं कापडात गुंडाळून ठेवायचा. पहिलं अक्षर फार मोठं, तर माणूस आढ्यतेखोर. सहीखाली रेघ, तर स्वतःवर भरवसा. शेवटी टिंब दिलं, तर संशयी. चढती सही उमेदीची, उतरती सही खचलेल्या मनाची. वाचताच न येणारी सही केली, तर हा इसम काहीतरी लपवतोय. नाव आणि गाव दिसलं की मन फितूर होतं म्हणून तुम्ही बाकीचा कागद टीपकागदाने झाकायचा आणि फक्त सही बघायचा. या प्रामाणिकपणाचं मला तेव्हा फार कौतुक होतं. आई मात्र कॉफीचे पेले बाहेर आणताना पुटपुटायची, "माणूस समोर बसलाय, त्याच्या तोंडाकडे बघायचं सोडून कागदाकडे बघतात." तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

मी इंटर पास झाले त्या वर्षी टीचर्स ट्रेनिंगचा फॉर्म आणला. पालक म्हणून तुमची सही हवी होती. तुम्ही टीपकागद ठेवलात, माझी सही बघितलीत, आणि तुमचा चेहरा ऑफिसातल्यासारखा झाला. "पुट्टी, ही शेवटची रेघ बघ. पुढे जाते आणि मागे वळते. तू घराबाहेर पडशील आणि अर्ध्यातून परत येशील. उगीच एक जागा अडवायची कशाला?" मी म्हटलं, "अण्णा, ती रेघ मला छान दिसते म्हणून मी काढते." तुम्ही हसलात. "हेच तर. माणसाला कळत नाही, हाताला कळतं." फॉर्म खणात गेला. तुम्ही रागावला असता तर मी भांडले असते, पण तुम्ही इतक्या मायेने बोललात की मला तोंडच उघडता आलं नाही. पुढचे कितीतरी दिवस मी भाकरी थापताना, केस विंचरताना स्वतःच्या हाताकडे बघत होते, जणू तो माझ्याबद्दल काही बोलून बसला होता आणि मलाच पत्ता नव्हता.

त्याच पावसाळ्यात तो माणूस आला. पंचविशीचा, होसकोट्याहून पहिल्या बसने आलेला, चपला उंबऱ्याबाहेर काढून उभा. घरात आपल्यासारखीच मराठी बोलणारा. बाकीची माणसं उठून गेली तरी तो बसेना. मी दाराआड कॉफी घेऊन उभी आहे, तुम्ही विचारताय, "कोणाची सही आणलीस?" तो म्हणतो, "माझीच, अण्णा. तुम्ही बघितलेली आहे. टर्नरच्या जागेसाठी अर्ज केला होता. लेथवर काम करून दाखवलं, साहेब म्हणाले, सरी, ठीक आहे. मग नाव यादीत नव्हतं. शिपायाने सांगितलं, सही खाली घसरते म्हणून काढलं." त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला, पुढे ठेवला आणि हात जोडले. "मला चांगली सही शिकवा."

तुम्हाला इतकं गोंधळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "अरे, सही शिकवता येत नाही," तुम्ही म्हणालात. "ती आतून येते."

"मग आतलं कुठे दुरुस्त करून मिळतं?" त्याने अगदी साधेपणाने विचारलं. टोमणा नव्हता तो. बेंगळुरात इतकं सगळं मिळतं, तर तेही कुठेतरी मिळत असेल, असा त्याचा चेहरा होता. तुम्ही उठून चष्मा पुसायला लागलात आणि म्हणालात, "पुढच्या भरतीला बघू." तो निघाला. कॉफी तशीच राहिली.

मी मागच्या दाराने निघाले. कोपऱ्यावर त्याला गाठलं आणि म्हटलं, "गुरुवारी दुपारी या. अण्णा कारखान्यात असतात." हे माझ्या तोंडून कसं गेलं, मलाही कळलं नाही. आईला सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "मी तिथेच बसणार." गुरुवारी तो आला. आई जमिनीवर डाळ निवडत बसली आणि मी त्याला तुमच्या टेबलापाशी, तुमच्या खुर्चीवर बसवलं. तो खुर्चीच्या कडेवर टेकला. सही करून दाखवा म्हटलं. त्याने कागद टेबलावरून उचलला आणि मांडीवर घेतला. "घरी टेबल नाही, अक्का. मांडीवरच लिहितो. गुडघ्याकडे कागद उतरतो ना, मग सही पण उतरते." आईचे हात सुपात थांबले. तुमच्या कापडात गुंडाळलेल्या पुस्तकात याला एक अख्खं पान होतं, अण्णा. खचलेलं मन, आजारपण, अपयशाची भीती. गुडघ्याचं नाव त्यात कुठेच नव्हतं.

तो चार गुरुवार आला. कागद टेबलावर सपाट ठेवायचा, मनगट टेकायचं, डावीकडून वर चढायचं. मी तुमच्या पुस्तकातले सगळे चांगले गुण एका सहीत भरले. पहिलं अक्षर बेताचं, टिंब नाही, खाली एक सरळ रेघ, आणि शेवटचा फटकारा उजवीकडे वर जाणारा, थोडा लांब. तो फटकारा पुस्तकातला नव्हता, माझा होता. त्याच्या घट्टे पडलेल्या बोटांना पेन फार हलकं वाटायचं, जोर लागून निब दोनदा वाकलं. लेथवर काम करायचा तशीच तो सहीही करायचा, जीभ दातात धरून, प्रत्येक वेळी मागच्या सहीशी ताडून बघत.

पुढच्या वर्षी भरती झाली. एका संध्याकाळी तुम्ही घरी आलात, कोट काढायच्या आधीच म्हणालात, "आज एक सही बघितली. वीस वर्षांत अशी बघितली नाही. हा माणूस वर जाईल." आईने ताट वाढता वाढता माझ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबला आणि हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग हसू ओसरलं आणि मला एकदम भीती वाटली. तुम्ही बाहेर पाटावर बसून आनंदाने जेवत होता. इतक्या सोप्या रीतीने तुम्हाला फसवता येतं, हे मला ठाऊक व्हायला नको होतं. तो नोकरीला लागला आणि पहिल्या पगाराच्या महिन्यात पेढे घेऊन आला. तुम्ही त्याला ओळखलंत. "अरे, तू होय!" म्हणालात, आणि पेढा हातातच धरून राहिलात.

त्यानंतर आठ दिवसांनी मी नवा फॉर्म तुमच्यापुढे ठेवला. सहीही नवी. चढती, खाली रेघ, शेवटचा फटकारा लांब. तुम्ही टीपकागद ठेवलात, चष्मा वर केलात, पुन्हा खाली केलात. इतका वेळ लागला की बाहेर भाजीवाली येऊन गेली.

"ही रेघ तुझी?"

"हो."

"केव्हापासून?"

"वर्ष झालं."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. सहीकडे नाही, माझ्याकडे. मग टीपकागद काढून बाजूला ठेवलात, पालकाच्या जागी सही केलीत आणि म्हणालात, "सरी. जा." पुढच्या रविवारी आलेल्या माणसांना तुम्ही सांगितलंत की डोळे अधू झालेत, आता सह्या दिसत नाहीत. त्याच दुपारी तुम्ही आईला सुईत दोरा ओवून दिलात, पहिल्याच खेपेला.

तुम्हाला कळलं होतं का? हेच मला विचारायचं आहे. कळलं असेल, तर एका शब्दाने त्या माणसाची नोकरी गेली असती आणि तुमची लाज राहिली असती. तुम्ही तो शब्द उच्चारला नाहीत. की खरंच काही कळलं नव्हतं, आणि एवढी वर्षं मीच तुम्हाला मोठं करत बसलेय? तो माणूस पुढे फोरमन झाला. त्याच्या हाताखाली शिकलेली मुलं त्याच्यासाठी जीव टाकायची. तो मुळातच तसा होता, की रोज चढती सही करून तसा झाला, हे मला सांगता येत नाही. मी चौतीस वर्षं शिकवलं, अर्ध्यातून परत आले नाही. त्याचंही कारण मला सांगता येत नाही.

तुमच्या शेवटच्या आजारात तोच कारखान्यातून रजेचा कागद घेऊन आला होता. तुम्ही उशीला टेकून, मांडीवर कागद घेऊन सही केलीत. ती पार कडेपर्यंत खाली गेली. तुम्ही ती दूर धरून पाहिलीत आणि त्याला म्हणालात, "बघ रे. आता मला कोण नोकरी देईल?" तो हसला नाही. त्याने तुमचे पाय धरले. मी खोलीतच होते. तेव्हा विचारता आलं असतं. मी औषधाचा पेला विसळायला निघून गेले.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून आता उरलेलंही लिहिते. मी त्या माणसाला शिकवलं ते दयेपोटी, असं आईला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, वर्गातल्या मुलींनाही गोष्ट म्हणून सांगितलं. त्यांनी माझं कौतुक केलं आणि मी ते करून घेतलं. ते खरं नव्हतं, अण्णा. मला तुम्ही चुकायला हवे होतात. त्याला नोकरी लागली नसती आणि नुसती तुमची फजिती झाली असती, तरी त्या वर्षी मला ते चाललं असतं.