चार अंशांची ओळ

११ फेब्रुवारी

चौथा डबाही गेला! वीस अंशांना पाच तास दहा मिनिटं चालतो, तोच डबा चार अंशांच्या थंड कपाटात एक तास पन्नास मिनिटांत संपतो. चारही डब्यांचं तेच. नव्या कारखान्याचा माल. दाणे दिसायला अगदी आधीसारखेच पांढरेशुभ्र.

पाणबुडीत वीज गेली, पंखे थांबले, की माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड हेच दाणे पितात. समुद्राच्या तळाशी वीस अंश कुठून आणायचे?

प्रयोगशाळेच्या सरांना तक्ता दाखवला. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "मानकात वीस लिहिलंय ना? मग चारला तपासायचे उद्योग कुणी सांगितले?"

"तिथे थंडी असते, सर."

"थंडी तुझ्या कथांमध्ये असते. अहवालातून ती ओळ काढ."

म्हणजे कथांबद्दल त्यांना माहीत आहे तर!

१२ फेब्रुवारी

ओळ काढली. सही केली.

मला नोकरीत कायम करण्याचा कागद सरांच्या टेबलावरच आहे. त्याबद्दल ते अवाक्षरही बोलले नाहीत. बोलले असते तर कदाचित भांडले असते मी.

१६ फेब्रुवारी

घरी आले. बाबांनी माझ्या पदवीच्या चौकटीची काच बदलली आहे — त्यांच्या काचेच्या दुकानात इतरांच्या खिडक्यांसाठी कापून उरलेल्या तुकड्यातली नाही, खास नवी. येणाऱ्याजाणाऱ्याला आधी ती दाखवतात, मग पाणी विचारतात.

दादा सुट्टीवर आहे. पाणबुडीवर मेकॅनिक झाल्यापासून माझ्या युद्धकथांचा पहिला वाचक तोच. नवी कथा पोटावर पालथी ठेवून म्हणाला, "तुझा सार्जंट फार सभ्य बोलतो गं. छत कोसळल्यावर माणूस आधी शिवी देतो."

"कुठली?"

त्याने सांगितली. स्वयंपाकघरातून आई ओरडली, "काय म्हणालास रे?"

"काही नाही, व्याकरण शिकवतोय तिला!"

कथेत बर्फाच्या चंद्रावर शत्रूने ठाणं फोडलंय. नऊ सैनिक आत अडकतात, थंडीत डबे दोन तासांच्या आत मरतात, मग माणसं. आकडे माझ्या तक्त्यातले. जे अहवालात लिहू दिलं नाही ते इथे तरी खरं लिहायचं, असं ठरवलंच होतं.

दादाने ते पान परत वाचलं. "हे डबे आमच्यासारखेच दिसतायत. खरंच असं होतं?"

"गोष्ट आहे रे," मी म्हणाले.

"मोजपट्टी, तू आणि नुसती गोष्ट!" लहानपणापासून तो मला हेच म्हणतो.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. समोर ती चौकट होती.

२७ फेब्रुवारी

संपादकबाईंचा फोन. "सगळे मेले? अगं, वाचकाने मासिक हातात धरून करायचं काय? एखाद्याला तरी जगव! उद्या दुपारी अंक छपाईला जातोय."

जगवले. सार्जंट पुढचा डबा शर्टाच्या आत घालतो, तासभर छातीशी धरतो, ऊब मिळालेले दाणे पुन्हा काम करू लागतात. कल्पना खोटी नाही, ऊब दिली की फरक पडणारच. पण किती? थंड कपाट आठवडाभर दुसऱ्यांकडे आहे. वेळ नाही. "पूर्ण पाच तास" लिहिलं.

माझ्या प्रत्येक कथेखाली एक ओळ छापून येते — 'या कथेतले सर्व आकडे लेखिकेने स्वतः तपासलेले आहेत.' पहिल्या कथेपासूनचा माझाच हट्ट. यावेळी ती काढा, असं बाईंना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर का म्हणून विचारलं असतं.

२० मार्च

कायम झाले! आईने तीन मावश्यांना फोन केले. मला घास गेला नाही.

९ एप्रिल

अंक येऊन आठवडा झाला. एका निवृत्त इंजिनिअरचं पत्र — 'छातीशी धरलेला डबा वाचून अंगावर काटा आला. इतका अभ्यास!' दादाने दहा प्रती विकत घेतल्या. म्हणे, बोटीवर वाटायला.

पत्राला उत्तर लिहायला घेतलं. फाडलं.

३ जून

दादाची पाणबुडी तळाला टेकली आहे.

सकाळी सहाला आग लागली. मागच्या कप्प्यात अकरा जण दार लावून बसलेत, एवढंच कळलंय. दादा त्याच कप्प्यात असतो. खाली कसलाच संपर्क नाही. मदतीचं जहाज उद्या रात्री पोचेल म्हणतात.

आईला फोनवर काय सांगू? ती एकच विचारते, "तू त्यातली शिकलेली आहेस ना, मग सांग की!"

थंड कपाट रिकामं होतं. नव्या मालातला डबा काढला, सदऱ्याच्या आत पोटाशी बांधला, वर कोट. तासभर तशीच बसले. सर दारात आले, बघत राहिले. मग डबा चार अंशांना लावला.

दोन तास चाळीस मिनिटं.

पाच नाहीत. दोन तास चाळीस!

त्या कप्प्यात बारा डबे असतात, दादानेच कधीतरी सांगितलं होतं. ऊब दिली तरी बत्तीस तास. न दिली तर बावीस. वर निघायची झडप आहे, त्यासाठीचे पोशाख आहेत, पण बाहेर पडायचं ते आधीच, अंगात ताकद असताना. कुणी तरी हे त्यांना सांगायला हवं. सांगायला रस्ताच नाही.

सरांना म्हणाले, "ती ओळ मी परत लिहिणार आहे."

"स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेशील. माझ्याही."

"हो, सर."

४ जून

बत्तीस तास दुपारी दोनला संपले.

जहाज अजून नाही.

५ जून

एकोणचाळिसाव्या तासाला झडप उघडली. अकरांतले पाच जिवंत.

दादा आहे! दादा आहे! आई फोनवर नुसती रडत होती, बाबा मागून विचारत होते — हातपाय? हातपाय?

सहा जण गेले. त्यांच्याही आया फोनजवळ बसल्या असतील.

९ जून

चौकशी समितीला पत्र दिलं. चार अंशांची ओळ, चारही डब्यांचे तक्ते, माझी सही, तारीख, ती का काढली ते. सरांचं नाव लिहिलं, त्याखाली माझं. घरी सांगितलं. बाबा चौकटीकडे बघत म्हणाले, "काच तर माझीच आहे. राहू दे ती तिथे."

दुपारी संपादकबाईंचा फोन — "अगं, कळलं का? त्यांनी खरंच डबे शर्टात धरले होते! छातीवर लाल वळ उठलेत त्यांच्या! तुझ्या कथेने माणसं वाचवली!"

बावीसऐवजी बत्तीस. दहा तास. हिशेबाने बरोबर आहे त्या. कितीतरी दिवसांनी भूक लागली. जेवले.

१२ जून, दवाखान्याच्या जिन्यात

दादा आज बोलला. ओठ फुटलेत, थांबत थांबत बोलतो.

म्हणाला, त्यांच्यात एक जुने मेकॅनिक होते, सगळे काका म्हणायचे. पहिल्याच तासात काका वर निघायचे पोशाख कपाटातून बाहेर काढून बसले. "थंडीत या डब्यांचा भरवसा नाही, पोरांनो, अंगात जीव आहे तोवर वर निघू." निम्मे जण तयारही झाले होते.

"मी अडवलं सगळ्यांना. म्हटलं, वर गेलो तर लाटांत मरू. इथे साठ तास आहेत. छातीशी धरले की पूर्ण पाच तास चालतात. काका म्हणाले, गोष्टीतलं काय सांगतोस? मी त्यांना कथेखालची ती ओळ वाचून दाखवली. म्हटलं, माझी बहीण मोजल्याशिवाय लिहीत नाही."

काकांनी पोशाख घडी करून ठेवून दिला.

मग त्याने माझा हात धरून विचारलं, "डबेच खराब होते ना गं?"

पाणी आणते म्हणून बाहेर आले. त्याच्या सामानासोबत आलेला बोटीवरचा तो अंक माझ्याकडे आहे, ओला होऊन फुगलेला. ते पान उघडून आत जाते.