अ‍ॅपमधला तुझा आवाज

पुणे

आई,

तुझ्या पायावर डोकं ठेवते. मी बरी आहे, जेवते वेळेवर. तुझा गुडघा कसा आहे?

फोनवर सांगायला जीभ रेटेना, म्हणून लिहिते. शहाजीदादा वाचून दाखवेल.

शेरडा-मेंढरांचे बाजारभाव सांगणाऱ्या माझ्या अ‍ॅपमध्ये तुझा आवाज आहे. ज्यांना वाचता येत नाही, ते त्या आवाजावर विसंबतात. अ‍ॅपमध्ये पैसे गुंतवणाऱ्यांनी हेच हेरलं. मशीनकडून हुबेहूब तुझ्यासारखा आवाज बनवून घेऊन त्यांनी पैसे लावायच्या खेळाची जाहिरात केली आणि अ‍ॅप बंद पडेल या भीतीने मी होकार दिला. व्यासपीठावरून लुबाडणुकीविरुद्ध गरजणारी मी!

काल धुळामामांचा फोन आला. "तुजी आय सांगती म्हणून खेळलो की. दोन शेरडं इकली. आता जिंकायचं कसं, ते बी सांगंल का ती?"

ते चिडले असते तर बरं झालं असतं.

आज ती जाहिरात काढून टाकली. गुंतवणूकदार पैसे थांबवतील. थांबवोत! बाजारादिवशी मंगळवेढ्यात सगळ्यांसमोर उभी राहून सांगेन, तो आवाज आईचा नव्हता, लबाडी माझी होती.

तू मात्र तिथे येऊ नकोस. तुझ्यासमोर मला बोलता येणार नाही.

तुझीच,
दिपाली