तीस फूट पाण्याखाली चालणारं यंत्र

रेणापूर,
२८ एप्रिल २०१६

प्रिय सिंधु,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. मोबाईल आल्यापासून मी सहीपुरतंच लिहितो, त्यामुळं अक्षर जरा सांभाळून घे. फोन केला असता, पण दोन वर्षांत तू माझा फोन दोनदाच उचललास, त्यातही एकदा चुकून. त्या भादव्यात लक्ष्म्यांच्या तिसऱ्या दिवशी आईचे झुबे हरवले. सकाळीच तू ते एकदा कानाला लावून पाहिले होतेस, म्हणून तुझ्या वहिनीनं सगळ्यांदेखत तुझी पिशवी उघडून पाहिली, आणि तू न जेवता उदगीरची बस धरलीस. तेव्हापासून तू माहेरचा रस्ता सोडलास. आता उदगीर वेगळा जिल्हा होणार म्हणतात. आधीच बोलणं बंद, त्यात जिल्हाही दुसरा झाला तर मी दाद कुठं मागायची?

आधी यंत्राची गंमत सांगतो. इकडं आता लातूरला रेल्वेनं पाणी येतंय, पण मी मार्चमध्ये नांदेडला गेलो तेव्हाच सगळ्यांचे हाल सुरू झाले होते. तिथं माणिकप्पा नावाचा दुकानदार बोअरसाठी जमिनीखालचं पाणी दाखवणारी यंत्रं विकतो. दुकानात उभं राहायला जागा नव्हती. माझी पाळी आल्यावर मी हळूच सांगितलं, मला पाण्याखालचं सोनं दाखवणारं यंत्र पाहिजे. सगळं दुकान माझ्याकडं वळलं. माणिकप्पानं विचारलं, समुद्रात वापरणार का नदीत? खाऱ्या पाण्याला वेगळं लागतं म्हणे. मी म्हटलं, रेणापुरात. त्यानं मला पंख्याखाली बसवलं आणि आधी पाणी प्यायला दिलं.

तीन यंत्रं दाखवली. एकाची नुसती तबकडी भिजलेली चालते, वरचा डबा भिजला की ते गेलं. दुसरं दहा फुटांपर्यंत जातं, पण खिळा असो की सोनं, सारखंच ओरडतं. तिसरं तीस फूट पाण्यात चालतं, हेडफोनसुद्धा भिजले तरी हरकत नाही, आणि सोन्याला वेगळा आवाज देतं. तू मला ओळखतेस. मी बनियन घ्यायलाही तीन दुकानं फिरतो. माहितीची पत्रकं घेऊन घरी आलो आणि दीड महिना विचार केला.

माझा विचार चालू होता म्हणून आपली विहीर आटायची काही थांबली नाही. पहिल्यांदा दोरी सोडून मोजलं तेव्हा पंधरा फूट पाणी होतं, म्हणजे तीस फुटीच लागणार. मग आठ फूट राहिलं, म्हटलं दहा फुटी चालेल. तोवर पाणी कमरेला आलं. शेजारच्या बसवंतनं मला रोज विहिरीत डोकावताना पाहिलं आणि रझाकारांच्या काळातला सोन्याचा हंडा आत आहे असं स्वतःच ठरवून टाकलं. तो नारळ घेऊन आला, अर्धा हिस्सा मागितला आणि कुणाला सांगणार नाही अशी शपथ घेतली. ही शपथही त्यानं पारावर चौघांसमोर घेतली. शेवटी मी तीस फुटीच उचललं, कारण माणिकप्पानं विचारलं, पाऊस पडला तर? या प्रश्नाला आपल्याकडं कुणाच्या तोंडून ‘नाही’ निघत नाही.

आता खरं सांगतो. झुबे तू नेले नाहीस हे मला त्याच दिवशी कळलं होतं. लक्ष्म्यांच्या कानांतून काढून तुझ्या वहिनीनं ते आघाड्याच्या पानाफुलांच्या ताटात ठेवले होते. मी ते ताट माझ्या पंच्यात रिकामं केलं, बुडावं म्हणून दगड घातला, गाठ मारली आणि दरवर्षीसारखं निर्माल्य विहिरीत सोडलं. तू बसमध्ये बसल्यावर मला ते ताट आठवलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी भ्यालो. गुपचूप काढून डब्यात ठेवू आणि इथंच होते की म्हणू, या आशेवर दोन वर्षं काढली. गळ टाकून पाहिला, तर बादलीची कडी तेवढी निघाली. मी तुला चोर ठरू दिलं, सिंधु. मला याची फार लाज वाटते.

काल यंत्राचं लांबलचक खोकं खांद्यावर घेऊन नांदेडहून आलो. विहीर आटली म्हणून तुझ्या वहिनीनं सकाळीच गाळ काढायला माणसं लावली होती. ती ओट्यावर बसली होती. समोर चिखलानं काळा झालेला पंचा आणि त्यावर आईचे झुबे. गाठ तिनं ओळखली होती. शेतात मी भाकरी याच गाठीत बांधून नेतो आणि उरलेली घरी आली की ती रोज सोडते. म्हणाली, ‘वन्सांला कागद लिव्हा. फोनवर तुमी पुन्हा खोटं बोलताल. म्याबी चुकले म्हणून लिव्हा.’ एवढं बोलून पदरानं डोळे पुसले आणि आत गेली. म्हणून हा कागद. रविवारी आम्ही दोघं उदगीरला येतोय, दार लावून घेऊ नकोस. माणिकप्पा यंत्र परत घेत नाही. तुमच्या आडाला पाणी असलं तर तेही आणतो, एकदा तरी भिजू दे. झुबे तुझ्या कानांत घालायचे असं तुझ्या वहिनीनं ठरवलंय, आणि भादव्यात ते तुझ्याच हातानं काढून लक्ष्म्यांना घालायचे.

तुझाच, यापुढं निर्माल्याला हात लावायची बंदी झालेला,
ग्यानोबादादा